जुन्या घराचा स्टुडिओ करताय? या चुका टाळा

घर आणि स्टुडिओ एकाच छताखाली असावा, ही इच्छा खान्देशात नवी नाही. चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस १९८९ साली जाईपर्यंत आपल्या बंगल्यातच राहिले आणि तिथेच काम करत राहिले. आता अमळनेर, पारोळा, चोपड्याकडची जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं चित्रकार-शिल्पकार घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. राग येतो तो घाईचा. खरेदीखत झालं की आठवड्यात घण चालायला लागतो.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा

पारोळ्याकडच्या एका गावात चित्रकार नवरा-बायकोने असंच घर घेतलं. भिंती दीड हात जाड, पांढऱ्या मातीच्या. मिस्तरीने जाळी ठोकून सिमेंट मारलं, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. मार्चमध्ये घर आरशासारखं दिसत होतं. ऑगस्टमध्ये ताईंचा फोन आला, "भाऊ, कॅनव्हासला मागून बुरशी धरलीय." गेलो. बोटाच्या पेराने भिंत ठोकली, तर मडक्यासारखी वाजली. कोपऱ्यात पहार लावली आणि हातभर पापुद्रा जाळीसकट सुटून आला. आतली माती कालवलेल्या पिठासारखी.

जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट अडवून धरतं. मग भिंत आतून मऊ होते आणि क्षार साठून लोणा लागतो. आम्ही सगळं खरवडलं आणि दिवाळीपर्यंत भिंती उघड्याच सुकू दिल्या.

मी मातीत भुसा आणि शेण घालून आठ दिवस मुरवतो, रोज पायाने तुडवतो. वरून चुन्याची सफेदी. कळीचा चुना विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवतो. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्याचं काम मी घेत नाही. अजिंठ्याची चित्रं इथून दूर नाहीत, एकदा जाऊन नीट बघा. तीही मातीच्याच गिलाव्यावर आहेत, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवलेल्या.

उत्तरेची खिडकी केली म्हणजे ऊन येणार नाही, ही समजूत

स्टुडिओला उत्तरेचा उजेड हवा, हे खरं. पण तो सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून जसाच्या तसा उचलला जातो. जळगाव-धुळे साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या किंचित उत्तरेला असतो. आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतंच. म्हणून वर छज्जा हवा आणि दोन्ही बाजूंना उभे आडोसे हवेत. मी आधी खिडकीच्या मापाचं गोणपाट लावून पंधरा दिवस उन्हाची रेघ बघतो, मगच भिंत फोडतो. पश्चिमेला मोठी काच तर लावूच नका. भुसावळकडचा मे ज्याने काढलाय, त्याला कारण सांगायला नको.

बाकीच्या चुका

धाबं गळतंय म्हणून वर सिमेंटचा कोबा ओतू नका. वजन वाढतं, आणि तुळईचं भिंतीतलं टोक बहुतेक वेळा आधीच कुजलेलं असतं. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. सहज आत गेला, तर पहिलं काम तेच.

मोकळी जागा हवी म्हणून मधला सागवानी खांब काढू नका. त्याच्याभोवती ईझल मांडता येतं.

इलेक्ट्रिक भट्टीला स्वतंत्र लाइन घ्या, जुन्या वायरिंगवर ती चालवणं म्हणजे आगीला बोलावणं.

ओली माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मोरीत धुऊ नका. बादलीत साका खाली बसू द्या आणि वरचं पाणी तेवढं ओता.

दगड घडवायची जागा झोपायच्या खोलीला लागून नको. ती धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही.

आणि काहीही फोडण्याआधी एक पावसाळा त्या घरात काढा. खडू घेऊन बसा. ओल जिथवर चढेल तिथे रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पारोळ्याकडच्या त्या ताईंच्या भिंतीवर यंदा चार रेघा आहेत. सगळ्यात वरची गुडघ्याला लागते. त्याच्या वर हातभर अंतरावर त्यांनी लाकडी फळी ठोकलीय, आणि कॅनव्हास आता त्या फळीवर असतात.