नवीन ड्रेडलॉक्स मुळाशी सुटत होते, असे बसवले

पावसाळ्यात माझे नवीन ड्रेड्स (जटांसारख्या वळलेल्या केसांच्या बटा, म्हणजेच ड्रेडलॉक्स) मुळाशी पार सैल झाले, बारीक केस उभे आणि शेजारचे दोन एकमेकांत गुंतायला लागलेले. वॅक्स लाव असं बरेच जण सांगतात पण ते नीट धुऊन निघत नाही, आत धूळ धरून बसतं, म्हणून मी नाहीच लावलं. साध्या शाम्पूने फक्त टाळू चोळून धुतली, फेस ड्रेड्सवरून नुसता ओघळू दिला, मग ओले असतानाच गुंतलेले ड्रेड मुळाशी बोटांनी हळूच वेगळे केले, हे दर धुण्यानंतर करायचंच, नाहीतर दोनाचा एक होतो. मग किंचित कोरफडीचा गर लावून तळव्यांमध्ये एकाच दिशेने वळले. मुळाशी पीळ जोरात नको, सतत ताण बसला की केस तिथूनच पातळ होतात. सुटलेले केस ०.७५ मिमीच्या क्रोशाच्या सुईने आत घेतले, सुई अडली तर ओढायची नाही, सोडवून परत घालायची, झटक्याने केस तुटतो. आणि वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं!! सकाळीच धुवा, टॉवेलने दाबून पाणी काढा, पंख्याखाली बसा, आत ओल राहिली की कुबट वास धरतो आणि मग तो जाता जात नाही. आता मुळं छान बसलीत, थोडे बारीक केस उभे राहतात ते राहू दिलेत, नवीन ड्रेडला ते असतंच.