मित्र आठवडाभर डोंगर बघायला येतोय? खान्देशातल्या यजमानाने काय तयारी करावी

पुण्या-मुंबईकडचा मित्र म्हणतो, "सात दिवस सुट्टी काढलीय, तुमच्याकडचे डोंगर दाखव." लगेच आपल्या डोक्यात यादी सुरू होते. तोरणमाळ, अस्तंभा, लळिंग, भामेर, पाटणादेवी, पितळखोरा, मनुदेवी, पाल, उनपदेव. खान्देशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, त्यामुळे यादी संपतच नाही. माझं ठाम मत आहे की या यादीतली निम्म्याहून जास्त नावं आधीच खोडावीत. सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्या मधे तापी-गिरणेचं अख्खं खोरं पसरलंय. रोज एक ठिकाण धरलं तर पाहुण्याला डोंगरापेक्षा गाडीची काचच जास्त दिसेल. सात दिवसांत तीन डोंगर पुरेत. खालचा आराखडा धुळ्यात राहणाऱ्या यजमानासाठी आहे. जळगाव किंवा नंदुरबारचे असाल तर क्रम उलटसुलट करा, पण तीनचा आकडा सोडू नका.

महिना आधी ठरवा

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा आपला काळ. एप्रिल-मे मध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा पाहुणा कितीही हौशी असला तरी त्याला बोलावू नका. भर पावसात सातपुडा देखणा दिसतो हे खरं, पण घाटात दरड आणि ओढ्याला पूर, त्यामुळे बेत कधी फिसकटेल याचा नेम नसतो. पाऊस ओसरल्यावर धबधबे अजून वाहते असतात आणि गवत हिरवं असतं. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ, थंडी कडक आणि शेतात भरताची वांगी. मला विचाराल तर डिसेंबर.

तारखा पक्क्या करण्याआधी मित्राला फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा. गुडघ्याचा त्रास आहे का? उंचावरून खाली बघताना भीती वाटते का? घाटात उलटी होते का? रोजची काही गोळी चालू आहे का? "मी एकदम फिट आहे" हे उत्तर धरू नका. रोज किती चालतोस आणि लिफ्टशिवाय किती मजले चढतोस, हे विचारलं की खरी परिस्थिती कळते. येण्याआधी पंधरा दिवस रोज जिने चढ-उतर करायला सांगा. उतरताना मांड्यांवर जो ताण येतो त्याची सवय त्यानेच होते. बूट नवे घेणार असेल तर ते आधी घालून मोकळे करून आणायला सांगा.

घरातल्या माणसांशी बोला

हा भाग बहुतेक यजमान विसरतात. पहाटे पाचला निघायचं म्हणजे चारला कोणीतरी उठून भाकरी थापणार. ते काम आई-बायकोवर न विचारता टाकू नका. सात दिवसांत घरचा डबा फक्त डोंगराच्या दिवशी लागतो, आणि त्यातलं निम्मं आदल्या रात्री करता येतं. दशम्या दोन दिवस सहज टिकतात, कारण पीठ दुधात मळलेलं असतं. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ आणि जळगावची केळी. चहाचा थर्मास आपण स्वतः भरा. पाहुणा आला म्हणून रोज पंचपक्वान्नं कशाला? त्यालाही संकोच होतो.

खर्चाचंही आधीच बोलून घ्या. आपल्याकडे पाहुण्याला खिशात हात घालू देत नाहीत, पण आठवडाभराचं डिझेल आणि मुक्काम हा लहान खर्च नाही. तोरणमाळची खोली मित्राने घ्यायची आणि गाडी आपली, असं काही ठरवलं की दोघांनाही मोकळं वाटतं.

पहिला दिवस: काही करू नका

प्रवासातून आलेल्या माणसाला अंघोळीला गरम पाणी, साधी खिचडी-कढी आणि झोप द्या. शेवभाजीची तर्री पहिल्याच रात्री वाढण्याचा आग्रह अनेकांचा असतो. तो टाळा. काळ्या मसाल्याची सवय नसलेल्या पोटाला दोन दिवस द्या, नाहीतर डोंगराच्या दिवशी मित्र घरीच राहील. तिखट हळूहळू वाढवत न्या.

दुसरा दिवस: लळिंग

पहिला डोंगर घराजवळचा आणि लहान असावा. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गावर थोडं दक्षिणेला गेलं की लळिंगचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. गावातून वाट निघते आणि रमतगमत चढलं तरी तासाभरात माथा येतो. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या काळात या किल्ल्याला मोठं महत्त्व होतं. वर तटबंदी, बुरूज आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या टाक्यांचं पाणी पिऊ नका, घरचं न्या.

या दिवशी तुमचं खरं काम म्हणजे मित्राचं निरीक्षण. चढताना बोलता येतंय की धाप लागतेय? उतरताना पाऊल सरळ टाकतोय की आडवं होऊन उतरतोय? आडवं होत असेल तर गुडघा कुरकुरतोय असं समजा आणि सातव्या दिवसाचा बेत आत्ताच हलका करा. पाणी किती पितोय तेही बघा. बरेच जण तहान लागेपर्यंत बाटली उघडतच नाहीत, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळत असल्याने पाणी किती गेलं ते कळत नाही. डोंगराच्या दिवशी माणशी तीन लिटर पाणी हवंच.

लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, आणि त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला इथे मोठी गर्दी लोटते. मित्राला हे ठिकाण जरूर दाखवा.

तिसरा दिवस: पायांना सुट्टी

चढाईचं दुखणं त्याच दिवशी जाणवत नाही. पोटऱ्या-मांड्या दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून हा दिवस मोकळा ठेवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झालं, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून शहरात आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदास आणि त्यांच्या संप्रदायाची जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. दोन्ही ठिकाणी जाण्याआधी वेळ विचारून घ्या. दुपारी झोप, आणि आता रात्री शेवभाजी चालेल.

मित्र लळिंगवर अगदी सहज चढला असेल आणि घरी बसवत नसेल, तर साक्री तालुक्यातलं भामेर करता येईल. गावातूनच जुन्या कोरीव दरवाजातून वाट जाते आणि वर कातळात कोरलेल्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. पण दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास आहे, हे विसरू नका.

चौथा ते सहावा: तोरणमाळ

आठवड्याचा गाभा हाच. इथे दोन रात्री राहा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांना तोरणमाळ कळतच नाही.

रस्ता दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असा. सारंगखेड्याला तापी ओलांडताना थांबा आणि पात्र दाखवा. दत्तजयंतीच्या सुमारास आलात तर इथे घोड्यांचा बाजार भरलेला असतो, त्यासाठी दोन तास राखून ठेवा. शहाद्याला टाकी पूर्ण भरा, रोख पैसे काढा, औषधं घ्या आणि घरी फोन करून घ्या. वर नेटवर्कचा भरवसा नाही. मुक्कामाचं आरक्षण आधीच केलेलं असावं, शनिवार-रविवार टाळलात तर उत्तम. घाट वळणावळणाचा आहे. उलटीचा त्रास असणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाईल बघू देऊ नका, आणि उलटीची गोळी घाट सुरू होण्याआधी अर्धा तास द्या. घाट सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग नाही.

तोरणमाळची उंची साधारण १,१५० मीटर. खाली शहाद्याला शर्टावर फिरणारा माणूस वर रात्री कुडकुडतो, म्हणून कानटोपी आणि स्वेटर गाडीत असू द्या. पोचल्या दिवशी यशवंत तलावाकाठी संध्याकाळ घालवा, बस्स. पाचव्या दिवशी सकाळी लवकर सीताखाई ही खोल दरी. पाऊस चांगला झाला असेल तर धबधबा पुढेही वाहतो. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाण्याची चढाओढ होते, तिथे यजमानाने सरळ "नाही" म्हणावं. मैत्रीत एवढा अधिकार असतोच. दुपारी गोरखनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा, आणि मग पाड्यांकडे जाणाऱ्या वाटेने पायी.

या पायी चालण्यात दोन गोष्टी छळतात. एक म्हणजे कुसळं. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की त्याचं बी टोकदार सुईसारखं होतं. ते सुती मोज्यात शिरतं आणि प्रत्येक पावलाला आत सरकत जातं. ओढून काढलं तर टोक तुटून आत राहतं, म्हणून मोजा उलटा करून आतल्या बाजूने काढावं. गुळगुळीत कापडाची पँट घालून ती मोज्यांवरून सोडली की निम्मा त्रास वाचतो. दुसरी खाजकुइली. वेलीवर लटकणाऱ्या, तपकिरी मखमलीसारखी लव असलेल्या शेंगा. पाहुणा हमखास हात लावतो, म्हणून दिसली की आधीच दाखवून सांगा. लव लागलीच तर खाजवू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग साबणाने धुवा.

पाड्यांवर भिल्ल आणि पावरा समाजाची घरं आहेत. ती कोणाची तरी घरं आहेत, एवढं भान ठेवलं की बाकीचं वागणं आपोआप नीट होतं. न विचारता फोटो काढू नये, मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नये, अंगणात बोलावल्याशिवाय जाऊ नये. द्यायचंच असेल तर विकत घ्या: हंगामात सीताफळं, एरवी धडगाव भागातला आमचूर. भाव करत बसू नका. वाट दाखवायला गावातला माणूस बरोबर घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडी जास्तच द्या. अहिराणीत दोन शब्द बोललात तर खाली शहाद्याकडे ओळख पटकन होते, पण वर बोली वेगळी आहे, तिथे हा वाटाड्याच उपयोगी पडतो.

अस्तंभ्याचा विषय इथे निघतोच, कारण अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो ही कथा सांगितली की कोणालाही जावंसं वाटतं. शिखर साधारण १,३२५ मीटर, आणि दिवाळीतल्या यात्रेला लोक रात्रभर चालत जातात. पहिल्यांदा येणाऱ्याला मी तिथे नेणार नाही. त्यासाठी वेगळी फेरी आणि चांगला सराव हवा.

सहाव्या दिवशी सकाळी निघून दुपारी घरी. संध्याकाळी भरीत, आणि ते शेतातच. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून घ्यायची. साल करपून सुटली आणि देठाजवळ बोट दाबल्यावर ते मऊ गेलं, की वांगं झालं. त्याच जाळावर हिरव्या मिरच्या भाजायच्या, लसणाबरोबर ठेचायच्या, मग वांग्याचा गर त्यात कुटायचा. वरून तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. सोलायचं काम मित्राला द्या, पाहुण्यालाही हातभार लावलेला आवडतो.

सातवा दिवस: पाटणादेवी, आणि चाळीसगावहून गाडी

परतीचं तिकीट आधीच चाळीसगावहून, रात्रीच्या गाडीचं काढलेलं असावं. मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरचं स्टेशन असल्याने शेवटचा डोंगर आणि निरोप एकाच दिशेला होतात. सामान गाडीतच घेऊन पहाटे निघा.

चाळीसगावपासून पाटणादेवी १८ किलोमीटरवर. चंडिकेचं देऊळ, तिन्ही बाजूंनी कडे आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं जंगल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, तसा १२०७ चा शिलालेख याच पाटणला मिळाला. गणिताची गोडी असलेल्या मित्राला हे देवळात जाण्याआधीच सांगा, मग तो परिसर वेगळ्या नजरेने बघतो.

पाटणादेवीहून जंगलातून वर पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे वाट जाते. ती तेव्हाच धरा, जेव्हा मित्राचे गुडघे ठणठणीत असतील, वनविभागाच्या लोकांना विचारलेलं असेल आणि वाटाड्या सोबत असेल. हा बिबट्याचा मुलूख आहे, एकट्याने मागे रेंगाळायचं नाही. गुडघे दुखत असतील तर कन्नड घाटाने गाडीने पठारावर जा आणि पायऱ्यांनी लेण्यांत उतरा. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची आहेत. हत्तींची रांग आणि द्वारपाल तिथेच बघता येतात. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिच्यावर कान्हदास या सोनाराने ती घडवल्याचा लेख आहे.

दोन्ही वाटांवर कड्यांना आग्या मोहोळ असतात. अत्तर-परफ्यूम नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळायचं. साप चावला तर पाय हलवू न देता, दोरी न बांधता, मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना. १०८ नंबर दोघांच्याही फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवा.

काहीही झालं तरी दुपारी चारला डोंगरातून बाहेर पडायला लागा, म्हणजे चाळीसगावला हातपाय धुऊन, जेवून स्टेशनवर निवांत पोचता येतं. सोबत द्यायचा ठेचा आणि आमचूर दोन वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट बांधा, ठेच्याची बरणी उभीच ठेवा, आणि ती बॅगेत कुठे आहे ते मित्राला गाडी येण्याआधी सांगा.