हिराबाईंची 78 ची तबकडी वाजवताना

पुरुषांनीच स्त्रीभूमिका गाजवायच्या त्या जमान्यात हिराबाई बडोदेकर (1905–1989) सुभद्रा म्हणून रंगमंचावर उभ्या राहिल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या लेकीच्या पदांची 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, तबकडी माळ्यावर सापडली, तर मिळेल त्या यंत्रावर लगेच चढवू नका.

आधी ती धुवा. तबकडी लाखेची असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून स्पिरिटचा बोळा अजिबात नको. कपभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाका आणि मऊ ब्रश चरांच्या दिशेने गोल फिरवा. लेबल भिजू देऊ नका. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी वाळवा.

सुई 78 साठीचीच हवी, साधारण 75 मायक्रॉनची. एलपीची सुई जेमतेम 18 मायक्रॉनची असते. ती चराच्या तळाशी जाऊन फक्त खरखर उचलते. काट्रिज (सुई बसवलेला भाग) स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करा. सुईच्या वरखाली हलण्याने होणारा बराच आवाज त्यातच गळतो.

सगळ्यात जास्त वेळ वेगावर घालवा. 78 ऐवजी 74 फेरे झाले, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. हिराबाईंचा हळुवार, स्वच्छ लगाव मग जड वाटू लागतो आणि ऐकणारा दोष गायिकेला देतो! 77 रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायला तबकडीवर ठेवायची रेघांची चकती) आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर, साध्या बल्बखाली धरा. रेघा स्थिर दिसल्या की वेग बसला. पुष्कळ एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली हा हिशेब कळत नाही. मग साथीच्या पेटीकडे कान द्या. षड्ज दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडत असेल तर वेगावर संशय घ्या. मात्र जुन्या पेट्या आजच्या सुरात असतीलच असं नाही, तेव्हा पाव स्वराच्या आतला फरक ओढूनताणून मिटवू नका.

नंतर 24 बिट, 96 किलोहर्ट्झमध्ये रेकॉर्ड करा. खरखर काढण्याआधीची मूळ फाइल वेगळी जपा, कारण खरखरीबरोबर आवाजातली फुंकरही पुसली जाते.

शेवटी लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाशेजारी लाखेत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाचा मूळ क्रमांक), दोन्ही टिपा. एकच ध्वनिमुद्रण पुढे वेगळ्या लेबल क्रमांकाने निघालं असू शकतं. पदं काळानुसार लावताना मॅट्रिक्सचाच आधार घ्या.