भाव बघण्याआधी माप घ्या : परवडणारं आणि पुरेसं घर कसं शोधावं

घर शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा भावापासून सुरुवात करतो. अमुक भागात काय रेट चाललाय, तमुक भागात किती. मग बजेट तेच ठेवून भाग बदलत राहतो. यात एक गोची होते. महाग भागात त्या पैशात बसेल तेवढं लहान घर घेतलं जातं आणि स्वस्त भागात त्याच पैशात येईल तेवढं मोठं. दोन्हीकडे घराचा आकार ठरवला तो तिथल्या जमिनीच्या भावानं. राहणाऱ्यांना कोणी विचारलंच नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय : आधी माप, मग पैसा, आणि भाग सगळ्यात शेवटी.

१. पुरेसं म्हणजे किती, ते ठरवा

‘मोठं घर हवं’ हे माप नव्हे. खोल्या मोजायची एक चांगली पद्धत युरोपीय संघाच्या यूरोस्टॅट या सांख्यिकी संस्थेकडे आहे. घरात गर्दी आहे की नाही, हे ती असं ठरवते : कुटुंबाला मिळून एक सामाईक खोली, प्रत्येक जोडप्याला एक, १८ वर्षांवरच्या प्रत्येक एकट्या माणसाला एक. १२ ते १७ वयोगटातली दोन मुलगे किंवा दोन मुली एका खोलीत चालतात, पण मुलगा आणि मुलगी असतील तर दोघांना वेगळ्या खोल्या. १२ वर्षांखालच्या दोघांत मिळून एक. आईवडील, १३ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा असं कुटुंब असेल, तर बैठकीची खोली धरून चार खोल्या होतात. ही चैनीची यादी नाही. याखाली गेलात तर दाटीवाटी, एवढाच तिचा अर्थ.

हिशेब करताना आजची वयं धरू नका, पाच-सात वर्षांनंतरची धरा. वर म्हटलेल्या कुटुंबात मुलगी तोवर नोकरीसाठी बाहेर पडलेली असू शकते, किंवा आजी राहायला आलेली असू शकते. कर्ज वीस वर्षांचं असतं आणि कुटुंबाचा आकार त्या काळात दोन-तीनदा बदलतो.

आता सध्याच्या घराकडे बघा. दोन आठवडे एक कागद फ्रिजवर चिकटवा आणि कोणती खोली दिवसात किती तास वापरली गेली, त्याची नोंद ठेवा. निकाल बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळा येतो. बैठकीची खोली बराच वेळ रिकामी, सगळे स्वयंपाकघराच्या आसपास, आणि फोनवर बोलायला कोणीतरी जिन्यात उभं. या घराला मोठी बैठक नको आहे, दार लावता येणारी एक छोटी खोली हवी आहे.

पाहुण्यांच्या खोलीचा हिशेब मात्र आकड्यांत करावा, कारण मन तिथे हमखास फसवतं. समजा १२० चौरस फुटांची जादा खोली आणि चौरस फुटाला ८,००० असा भाव. म्हणजे ९ लाख ६० हजार. ९ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी लाखाला साधारण ९०० असा हप्ता बसतो, म्हणजे या खोलीचा महिन्याचा हप्ता सुमारे ८,६४०. वर्षाकाठी बारा रात्री पाहुणे राहिले, तर एका रात्रीचा खर्च एका महिन्याच्या हप्त्याएवढा. तेवढ्यात पाहुण्यांची सोय चांगल्या हॉटेलात होईल आणि वर दोन वेळचं जेवणही. आईवडील वर्षातून तीन महिने येऊन राहत असतील तर गोष्ट वेगळी. मग ती पाहुण्यांची खोली राहत नाही, त्यांची खोली होते.

खोल्यांची संख्या ठरली की टेप घ्या. क्षेत्रफळापेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. १० बाय १०ची खोली ऐकायला बरी वाटते. त्यात ६ फूट रुंद, साडेसहा फूट लांब पलंग टाका. दोन्ही बाजूंना चालायला दोन-दोन फूट सोडले की रुंदी संपली. पायथ्याशी साडेतीन फूट उरले. तिथे दोन फूट खोल कपाट ठेवलं, तर समोर राहिलं दीड फूट. बिजागरीचं दार अर्ध्यावर पलंगाला अडणार, म्हणजे सरकत्या दाराचं कपाट घ्या किंवा पाच फुटी पलंगावर भागवा. आणि खोलीचं दार भिंतीच्या मधोमध असेल तर ती भिंतही फर्निचरला गेली. नकाशा हातात आला की सध्याच्या घरात जमिनीवर चिकटपट्टीनं नव्या खोलीचा चौकोन आखा आणि त्यात वावरून बघा. दहा मिनिटांत कळतं. मॉडेल फ्लॅट बघून हे कळत नाही; तिथे कपाटं नसतात आणि पलंगही कधीकधी मुद्दाम आखूड केलेला असतो.

२. जाहिरातीतलं क्षेत्रफळ सोलून घ्या

कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), बिल्टअप (भिंतीही धरून), सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटाही धरून) हे शब्द परिचयाचे आहेत, तरी भावाची तुलना करताना लोक ते एकमेकांत मिसळतात. हा घोळ जगभर आहे. जपानमध्ये फ्लॅटच्या जाहिरातीत भिंतीच्या मध्यापासून मोजलेलं क्षेत्रफळ असतं आणि सरकारी नोंदीत आतल्या बाजूनं मोजलेलं, त्यामुळे कागदावर घर लहान होतं. जर्मनीत राहण्याजोगं क्षेत्र मोजायच्या नियमानुसार छत एक मीटरपेक्षा खाली असलेली जागा धरतच नाहीत, एक ते दोन मीटर उंचीची जागा निम्मी धरतात आणि बाल्कनी साधारण पाव.

तुम्ही एकच करा : ज्या जागेवर सतरंजी अंथरता येते तेवढीच मोजा आणि एकूण किमतीला तिनं भागा. एक घर ‘१,००० फूट, ६,५०० रेट’, म्हणजे ६५ लाख. आत वापरायला मिळतात ६४० फूट. दुसरं ‘८५० फूट, ७,२०० रेट’, म्हणजे ६१ लाख २० हजार, आणि आत ६८० फूट. पहिल्याचा खरा भाव १०,१५६, दुसऱ्याचा ९,०००. महाग दिसणारं घर स्वस्तही निघालं आणि मोठंही. पार्किंग, नोंदणीचा खर्च, दुरुस्ती आणि दलाली किमतीत धरल्याशिवाय हा भागाकार करू नका.

३. पैशाची मर्यादा बँकेला ठरवू देऊ नका

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त घरावर जाऊ नये, हा नियम सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यात आहे. १९६९ मध्ये तिथे भाडेकरूच्या उत्पन्नाच्या २५ टक्के अशी कमाल मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० वर नेली. तो एका सरकारी योजनेचा आकडा होता. तीन मुलं आणि एक पगार असलेल्या घराला ३० टक्केही जड जातात, तर मोठा पगार असलेल्या दोघांना ४० टक्केही झेपतात. म्हणून टक्केवारीऐवजी वजाबाकी करा. गेल्या सहा महिन्यांचा किराणा, शिक्षण, औषधं, प्रवास, विमा, घरी पाठवायचे पैसे आणि बचत उत्पन्नातून वजा करा. उरेल त्यातून हप्ता, देखभाल आणि मालमत्ता कर, तिन्ही निघाले पाहिजेत.

मग तोच हप्ता व्याज दोन टक्क्यांनी वाढल्यावर किती होईल ते बघा. ९चे ११ झाले की लाखामागचा हप्ता ९०० वरून १,०३२ होतो, जवळपास १५ टक्के वाढ. तेव्हाही घर चाललं पाहिजे. हप्ता बसवण्यासाठी मुदत ३० वर्षांवर न्यावी का? लाखाला महिन्याला फक्त ९५ वाचतात, आणि एकूण परतफेड २ लाख १६ हजारांवरून २ लाख ९० हजारांवर जाते. माझं मत विचाराल तर हप्ता २० वर्षांत बसत नसेल तर घर लहान करा, मुदत लांबवू नका.

४. आता भाग निवडा

एकाच पट्ट्यात बांधकामाचा खर्च जागेगणिक फारसा बदलत नाही. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी थोडीफार इकडेतिकडे. भावातला खरा फरक जमिनीचा असतो. यातून दोन गोष्टी निघतात. महाग भागात प्रत्येक वाया गेलेला फूट जमिनीच्या भावानं पडतो, म्हणून तिथे लांबलचक पॅसेज नसलेलं, नीट आखलेलं लहान घर शोधावं. स्वस्त भागात जादा खोली घेताना स्वस्त पडते खरी, पण तिचा रंग, गळती, झाडलोट, थंड-गरम ठेवायचं बिल यांना जमिनीचा भाव ठाऊक नसतो. ते फुटांवर चालतं. त्यामुळे स्वस्त भागात गेलात तरी पहिल्या पायरीत ठरवलेलं माप सोडू नका. वाचलेले पैसे वाचलेलेच राहू द्या.

दोन भागांची तुलना करताना विक्रेत्यांनी मागितलेला भाव घेऊ नका. नोंदणी झालेल्या व्यवहारांचा घ्या, तोही मधला. दहा घरं किमतीनुसार लावली तर पाचव्या-सहाव्याच्या आसपासचा. सरासरीला एक आलिशान बंगला बिघडवून टाकतो. शहरं ताडून बघायची असतील तर मधली घरकिंमत भागिले मधलं वार्षिक कौटुंबिक उत्पन्न, हे गुणोत्तर उपयोगी पडतं. वेगवेगळ्या शहरांतली घरं किती परवडतात हे मोजणाऱ्या डेमोग्राफिया या अहवालात ३ किंवा त्याखालचं शहर परवडणारं मानतात आणि ५च्या वर गेलेलं फारच न परवडणारं. यात उत्पन्न त्या शहरातलं असतं, तुमचं नाही. नोकरी बदलून जाणार असाल तर तिथला पगार धरा.

५. अंतराचं बिल वेगळं काढा

दूरचं घर स्वस्त असतं कारण उरलेली किंमत तुम्ही रोज रस्त्यावर भरता. ६०० फुटांचं घर जवळ ८,०००च्या भावानं ४८ लाखांना आणि दूर ६,०००च्या भावानं ३६ लाखांना मिळतंय. फरक १२ लाख, हप्त्यात महिन्याला १०,८००. आता घरातले दोघं नोकरीला जातात, प्रत्येकाला एका बाजूनं ४० मिनिटं जास्त, महिन्याला २२ दिवस. दोघांचे मिळून ५९ तास. प्रवासाचं भाडं आणि इंधन ६,०००नं वाढलं, तर हातात उरतात ४,८००. म्हणजे तासाला ८१. एवढ्यावर प्रवास करायला तयार आहात का, हा प्रश्न ज्याचा त्यानं सोडवावा. काहींना ट्रेनमध्ये वाचायला मिळतं, काहींना उभं राहायलाही जागा नसते.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की वाहनं कितीही बदलली तरी माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी एक तासाच्या आसपासच वेळ देतो. जाऊन-येऊन तासापलीकडे गेलात की कुरबुर सुरू होईल हे गृहीत धरा. नकाशावरच्या किलोमीटरला अर्थ नाही. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीत, दारापासून दारापर्यंत स्वतः जाऊन या. आणि ‘लवकरच मेट्रो येतेय’ याचे पैसे भावात आधीच लावलेले असतात, तेव्हा जे आज चालू आहे त्यावरच हिशेब करा.

६. स्वस्त का, ते विचारा

शेजारच्या भागापेक्षा भाव बराच खाली असेल तर त्याला कारण असतं. पाणी, पूर, मालकीचा वाद, बंद पडलेला कारखाना, शाळा नसणं. काही कारणं तुम्हाला चालणारी असतात : मुलं मोठी झालेल्यांना शाळा दूर असल्यानं काही फरक पडत नाही, आणि खरी संधी तिथेच असते. माणसं सोडून जाताहेत हे कारण मात्र जपून घ्या. जपानमध्ये २०२३च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के, गावाकडची त्यातली बरीच घरं मातीमोल किमतीला मिळतात, पण विकायची वेळ आली की गिऱ्हाईक नसतं. इटलीतल्या काही गावांनी १ युरोला घरं काढली, त्यांतही ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायची अट असते आणि खरा खर्च तोच असतो.

७. घ्यायचं की भाड्यानं राहायचं

घराची किंमत भागिले वर्षाचं भाडं. २०च्या बऱ्याच वर गेलं तर भाडं स्वस्त, १५च्या खाली असेल तर खरेदीकडे झुका. ६० लाखांचं घर १५,००० भाड्यानं मिळत असेल तर उत्तर येतं ३३. असा भाग आवडत असेल तर तिथे भाड्यानंच राहावं. दुसरीकडे ३६ लाखांच्या घराला तेवढंच भाडं असेल तर २०, तिथे खरेदीचा विचार करायला हरकत नाही, पण निदान सात-आठ वर्षं हलायचं नसेल तरच. घेताना-विकताना होणारा नोंदणी आणि दलालीचा खर्च तेवढ्या काळाशिवाय भरून निघत नाही.

अगदी नव्या भागात जाणार असाल तर पहिलं वर्ष भाड्यानं काढा, आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. भिंतीतली ओल, तळमजल्यावर चढणारं पाणी, वीज किती वेळा जाते आणि टँकर कधी मागवावा लागतो, हे दलाल सांगत नाही. शेजारी मात्र चहा पिता पिता सगळं सांगतात.