करंट नसलेल्या घरात नेलगन: बाटलीवर काम शिकणाऱ्या पोरांसाठी

जांबोटीच्या पुढं, रस्त्यापासून आत दीड किलोमीटर, एका नव्या घराचं लाकडी छत करायचं होतं. जुलै महिना. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला जास्त सांगायला नको. दोन दिवस करंट नव्हता. नेलगनला, म्हणजे दाबाच्या हवेवर खिळे ठोकणाऱ्या बंदुकीला, हवा देणारा माझा दोन एचपीचा कॉम्प्रेसर टेम्पोतून उतरवून चिखलातून चौघांनी ओढत आत नेला, मालकानं कुठून तरी छोटा जनरेटर आणला. बटण दाबलं की मोटर एकदा हुंकार द्यायची आणि जनरेटर गुदमरायचा. मोटर सुरू होताना चालू करंटाच्या कितीतरी पट करंट मागते हे मला आयटीआयत शिकवलेलं, पण पटलं त्या दिवशी. शेवटी हातोडीनं खिळे मारले आणि एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं.

त्यानंतर मी बाटलीवर आलो. बाटली म्हणजे गॅसचा सिलिंडर. आम्ही सगळे बाटलीच म्हणतो. सुतारकीत, फॉल्स सीलिंगमध्ये, फर्निचरात नवीन येणाऱ्या पोरांनी मला याबद्दल बऱ्याच वेळा विचारलंय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट: नेलगनला हवाच लागते असं नाही, दाब लागतो. तो कार्बन डायऑक्साइडनं दिला तरी पिस्टनला फरक कळत नाही. आणि बेळगावात हा गॅस मिळायला अडचण नाही. तिसरं गेट ओलांडून उद्यमबागेत गेलात की फाउंड्र्या लागतात. तिथं वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून कोअर, म्हणजे ओतकामाच्या साच्यातला गाभा, बनवतात आणि त्यातून हाच गॅस सोडला की तो कोअर दगडासारखा कडक होतो. मिग वेल्डिंगवाल्यांना हाच लागतो, सोडावाल्यांनाही हाच. त्यामुळं बाटली भरून देणारे शोधायला कोल्हापूरला जावं लागत नाही.

आता हिशेब. हा समजला नाही तर पुढचं वाचून उपयोग नाही.

कॉम्प्रेसरची ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली आणि दाब ५ बारवर येईपर्यंत वापरली, तर साध्या हवेच्या मापात तुमच्या हाती १५० लिटर पडतात. मग मोटर परत सुरू. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रव होऊन बसतो, म्हणून थोड्या जागेत खूप मावतो: एका किलोतून साधारण ५४० लिटर गॅस निघतो. साडेचार किलोची बाटली म्हणजे जवळजवळ २४०० लिटर, आणि ती एक माणूस खांद्यावरून नेतो. नायट्रोजन द्रव होत नाही, नुसता दाबून भरतात. १० लिटरच्या बाटलीत १५० बारला १५०० लिटर. वजन जवळपास तेवढंच, गॅस कमी.

एफ-३०, म्हणजे ३० मिलीमीटरपर्यंतचे बारीक खिळे मारणारी नेलगन, एका खिळ्याला अर्धा ते एक लिटर खाते. मी हिशेब धरतो किलोमागे सहाशे खिळ्यांचा. कागदावर जास्त येतात, पण पाइप जोडताना-काढताना फुस्स होऊन जाणारा गॅस कुणी मोजत नाही.

आणि इम्पॅक्ट रेंच, म्हणजे नट सोडवायचं हवेवरचं हत्यार? मोठा इम्पॅक्ट दाबून धरला तर मिनिटाला चारशे लिटरच्या वर ओढतो. तीच बाटली पाच-सहा मिनिटांत संपली म्हणायची. खरं तर संपायच्या आधी गोठेल. स्प्रे गन, सँडर, ग्राइंडर यांचंही तेच. माझा सोपा नियम असा: जे हत्यार ठोकतं ते बाटलीवर चालतं, जे फिरतं किंवा फवारतं ते नाही. नेलगन, स्टेपलर, पिनर. बस. ट्रॅक्टरच्या चाकाचे दोन नट एखाद्या वेळी सोडवता येतील, पण त्यावर धंदा होत नाही.

रेग्युलेटरमध्ये, म्हणजे बाटलीचा दाब कमी करून पुढं सोडणाऱ्या तोटीत, मी पहिला फसलो. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मिगचा रेग्युलेटर उसना आणला. थ्रेड बसला, काटा हलला, मी खूष. पहिला खिळा पूर्ण आत, दुसरा अर्धा, तिसरा नुसता टोचून उभा. मिगच्या रेग्युलेटरचं काम गॅस बारीक धारेनं, मोजून सोडणं. त्यावर मिनिटाला किती लिटर एवढंच मोजतात. नेलगनला एका क्षणात घोट लागतो. म्हणून दाब धरणारा, ० ते १० बार बाहेर देणारा, जास्त प्रवाहाचा रेग्युलेटर घ्या, आणि त्याच्या पुढं ८-९ बारला सुटणारा सेफ्टी व्हॉल्व्ह लावा. तो व्हॉल्व्ह नसेल तर मी दुसऱ्याच्या साइटवर गनला हातही लावत नाही. बाटलीत २० अंशांना ५७ बार दाब असतो आणि गन बनवलेली असते ८ बारसाठी. मधे फक्त तो रेग्युलेटर उभा आहे.

दुसऱ्यांदा फसलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण यात नवे लोक हमखास अडकतात.

भंगारात एक आग विझवायची बाटली मिळाली. कार्बन डायऑक्साइडचीच, स्वस्त, अंगानं चांगली. वाटलं, आत तोच गॅस, मग काय. एकानं काही न विचारता ती भरूनही दिली. टिळकवाडीत एका कपाटाच्या मागच्या प्लायला खिळे मारत होतो. दहा-बारा खिळे झाले आणि रेग्युलेटरवर आधी दव, मग पांढरं बर्फ. पाइप इतका ताठ झाला की वळेना. गन सटकन एकदा आपोआप सुटल्यासारखी वाजली आणि मग बाजूनं गॅस फुसफुसायला लागला. उघडून बघतो तर ओ-रिंग, म्हणजे आतली रबराची कडी, काचेसारखी कडक होऊन तडकलेली.

कारण नंतर एका जुन्या मेस्त्रींनी दाखवलं. त्यांनी बाटली रिकामी करून व्हॉल्व्ह काढला, तर व्हॉल्व्हला खालपर्यंत जाणारी लांब नळी. आगीवर गॅस झटकन आणि भरपूर पडावा म्हणून त्या बाटल्यांत ती नळी तळातला द्रव वर ओढते. म्हणजे बाटली सरळ उभी असूनही मी रेग्युलेटरमध्ये द्रवच पाठवत होतो. हा द्रव साधारण ५ बारच्या खाली द्रव राहूच शकत नाही, त्याचा बर्फ होतो, उणे ७८ अंशांचा. ‘आरं, कुल्फीचं मशीन केलंस की रे हे!’ असं म्हणून ते हसले आणि नळी नसलेली बाटली घ्यायला लावली. नळी आपणच कापून टाकायचा उद्योग करू नका. व्हॉल्व्हशी खेळलेली बाटली कायद्यातही बसत नाही.

याच कारणानं साधी बाटलीही नेहमी उभी ठेवायची आणि बांधायची. आडवी झाली की द्रव तोंडाशी येतो. टेम्पोत मी तिला फळीला दोन पट्टे मारतो. बसच्या डिकीत टाकून नेण्याचा विचार कुणी करू नये. मे महिन्यात बंद गाडीत उन्हात तर मुळीच नको: ३१ अंशांच्या वर आत द्रव राहतच नाही, आणि दाब भराभर चढतो. सेफ्टी डिस्क फुटली तर सगळा गॅस गाडीत.

थंडीत उलटं. डिसेंबरच्या सकाळी कणकुंबीकडं बाटलीचा दाब उतरलेला असतो, १० अंशांना साधारण ४५ बार, तरी नेलगनला तो भरपूर. त्रास दाबाचा नसतो, वेगाचा असतो. भराभर खिळे मारले की द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती बाटलीच्या अंगातून जाते आणि बाटली गार पडते. अशा वेळी दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. गरम पाण्यात बुडवणं, बर्नर दाखवणं, हे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत आणि त्या साइटवरून उठून आलोय.

किती गॅस उरलाय हे काटा सांगत नाही. नायट्रोजनचा काटा खरं बोलतो, १५० वरून ७५ वर आला म्हणजे अर्धा उरला. कार्बन डायऑक्साइडचा काटा मात्र द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत जागचा हलत नाही, आणि हलला की समजा बाटली उताराला लागली. म्हणून वजन करायचं. बाटलीच्या खांद्यावर रिकामी बाटली किती किलो ते ठोकलेलं असतं. वाण्याच्या दुकानातला लटकवायचा काटा माझ्या टेम्पोत कायम असतो.

त्याच खांद्यावर टेस्टची तारीखही बघा. साधारण दर ५ वर्षांनी बाटलीची पाण्याच्या दाबाची टेस्ट लागते. हे सगळं २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत येतं आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे. टेस्ट संपलेली बाटली भरून देणारा माणूस तुमचा मित्र नव्हे. मोठ्या बाटलीतून छोटीत घरी उपसून भरणारेही आहेत. त्यांच्या नादाला लागू नका.

आता जे मी ओरडून सांगतो ते. ऑक्सिजन लावायचा नाही. साइटवर गॅस कटिंगवाला असतोच, त्याची बाटली भरलेली असते, आपली संपलेली असते, आणि कुणीतरी म्हणतोच, ‘तोबी गॅसच की, लाव.’ गनमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की आग लागते आणि गन हातात फुटते. एलपीजीही तसंच, विचारसुद्धा नको. बाटलीच्या रंगावर विसंबू नका, लेबल वाचा.

बंद खोलीत दुसरा धोका. दहा बाय दहाच्या खोलीत साडेचार किलोची बाटली पूर्ण गळली तर हवेत आठ टक्क्यांच्या वर हा गॅस होतो. चार टक्क्यांनाच जिवाला धोका मानतात. हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खाली साचतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात तो याच्याच भीतीनं, पण कंदील विझायच्या आधीच माणसाचं डोकं जड होतं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि वाकून स्कर्टिंग मारणाऱ्या पोराजवळ बाटली ठेवू नका.

बारीकसारीक दोन गोष्टी. बाटलीचा गॅस कोरडा असतो. कॉम्प्रेसरसारखं पाणी येत नाही ही चैन, पण ओ-रिंगा लवकर वाळतात. एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब सकाळी आणि दुपारी जेवणानंतर. आणि पाइपच्या जोडात गनच्या बाजूला प्लग (आत घुसणारं उघडं टोक) लावा, सॉकेट (काढलं की आपोआप बंद होणारं टोक) नको. सॉकेट लावला तर पाइप काढल्यावरही गनमध्ये दाब अडकून राहतो, आणि अडकलेला खिळा काढायला गेलेलं बोट... पुढचं सांगत नाही.

‘बॅटरीची नेलगन आली की, मग ही कटकट कशाला?’ असं आता पोरं विचारतात. बरोबर विचारतात. एका खोलीचं काम असेल तर मी बॅटरीच घे म्हणेन. पण ती गन हातात जड, छताला दिवसभर वर धरून खांदा भरून येतो, आणि दोन दिवस करंट नसेल तर चार्ज कुठं करणार? ज्याच्याकडं एफ-३० आधीच आहे त्यानं रेग्युलेटर, पाइप आणि एक बाटली घेऊन सुरुवात करावी. शहरातल्या कामाला कॉम्प्रेसरच नेतो मीसुद्धा. बाटली निघते चंदगड, जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला.

उद्या कणकुंबीला जायचंय. पोरानं संध्याकाळी बाटली काट्याला लावून खडूनं तिच्यावर १२.१ लिहिलंय. रिकामी १०.३. म्हणजे १.८ किलो, हजाराच्या जवळपास खिळे, आणि काम पंधराशेचं आहे. दुसरी बाटली टेम्पोत चढवायला सांगितलीय.