पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका: खान्देशात लोकांच्या प्रश्नांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांत बसणारी पोरं-पोरी भेटली की हमखास विचारतात, "ताई, आम्हाला धोरणाच्या क्षेत्रात काम करायचंय. सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मंत्रालय असतं, नाहीतर दिल्ली. मी त्यांना सांगते, आधी तुमच्या गावाचा मागच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा मिळवा आणि वाचून या. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तो घरबसल्या दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. तुमच्या गावात या दोन रकमांचं काय झालं, हे आधी शोधा. आराखड्यातली कामं आणि प्रत्यक्षातली कामं यांचा ताळा घालत गल्लीबोळातून एक चक्कर मारलीत, तर मोठमोठ्या व्याख्यानांतून कळणार नाही एवढं त्या एका चकरेत कळतं.

मी साक्री तालुक्यातली. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि आता धुळे-नंदुरबार पट्ट्यात काम करते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मोर्चा कसा काढायचा हे खान्देशाला कुणी शिकवायची गरज नाही. 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं. 1942 मध्ये नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा ती शाळकरी पोरं होती. सत्तरच्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. आपल्याकडे माणसं कमी पडतात ती मोर्चानंतरच्या कामाला. निवेदन कुठल्या टेबलावर गेलं, तिथून कुठे सरकलं, कुणी कोणता शेरा मारला, याचा महिनोन्‌महिने माग काढणारी माणसं हवीत. हे काम शिकता येतं. त्यासाठी पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळी शाळा त्यात आहे. आमच्या भागातल्या एका गावात शाळा दहावीपर्यंतच. अकरावीला तालुक्याला जायचं तर कॉलेजच्या वेळेला बस नाही, म्हणून मुली घरी बसायच्या. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही मुलींसाठीच आहेत. पण गाडीच येत नसेल तर पास घेऊन करायचं काय? गावातली तरुण मंडळी तापली होती, त्यांना रास्ता रोको करायचा होता. आम्ही म्हटलं, आधी यादी करू. कोण मुलगी, कितवीत, कोणत्या कॉलेजात, किती वाजता पोहोचायचं, किती वाजता सुटते. शेजारच्या दोन पाड्यांवरच्या मुलीही त्यात धरल्या.

यादी घेऊन आगारात गेलो तर तोंडी उत्तर मिळालं: "भारमान मिळणार नाही." एसटीच्या भाषेत भारमान म्हणजे गाडीत किती सीटा भरतील त्याचा हिशेब. आमच्या यादीत त्याचंच उत्तर होतं. मग ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र आणि यादी जोडून लेखी मागणी दिली, आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घेतली, एक प्रत विभाग नियंत्रकांना धाडली. या वेळी उत्तर लेखी आलं आणि ते निराळंच निघालं: रस्ता बस चालण्यास योग्य नाही. वाटेत नाल्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, खचलेली होती.

नवी माणसं इथेच खचतात. त्यांना वाटतं, साहेबांनी टोलवलं. मला मात्र ते पत्र हातात आल्यावर बरं वाटलं होतं, कारण खरं अडलेलं काम कोणतं ते आता कागदावर आलं होतं. पुढचा प्रश्न, रस्ता कुणाचा? ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आमचा निघाला ग्रामीण मार्ग. मग जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, तिथे उपअभियंत्याचं टेबल, आणि तिथे कळलं की जिल्हा नियोजनातून रस्त्यांना पैसा येतो तो 3054 आणि 5054 या लेखाशीर्षांखाली (सरकारी हिशेबातली खर्चाची खाती), साधारण बोलायचं तर पहिलं दुरुस्तीचं आणि दुसरं बांधणीचं. आमच्या निवेदनात "रस्ता करून मिळावा" एवढंच होतं. ते बदलून "अमुक ग्रामीण मार्गावरील फरशीची दुरुस्ती 3054 मधून प्रस्तावित करावी" असं लिहिलं, तेव्हा त्या टेबलावरच्या माणसाने पहिल्यांदा खुर्ची पुढे सरकवली. फरशी होईपर्यंत गाडी नाल्याच्या अलीकडेपर्यंत तरी यावी, अशी मागणी आगाराकडे लावून धरली आणि पुढच्या जूनमध्ये गाडी सुरू झाली. फरशीला त्यानंतरही बराच काळ गेला.

यातून पहिली शिकवण घ्यायची ती वेळेची. गावाचा पुढच्या वर्षीचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या मोहिमेत आकार घेतो. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा हिवाळ्यात तयार होतो, आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला की पैशाची दारं पुष्कळशी बंद झालेली असतात. फेब्रुवारीत जागं होऊन दिलेलं निवेदन म्हणूनच वर्षभर पडून राहतं. बसचं वेळापत्रक बदलायचं तर जूनमध्ये ओरडून उपयोग नाही, एप्रिलमध्येच आगारात जायला हवं.

सरकारचं पंचांग असतं तसं आपल्या माणसांचंही असतं, आणि ते बाहेरून आलेल्या संस्थांना पुष्कळदा ठाऊक नसतं. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याचे पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला त्या घरांना कुलपं असतात. सातपुड्यातली माणसं होळीला परततात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सालदारांचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचं) साल बदलतं. होळी ते आखाजी हा काळ बैठकांसाठी सोन्यासारखा आहे. ऊन असतं, म्हणून बैठक रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर घ्यायची. स्थलांतरित मजुरांच्या मुलांची शाळा, रेशन, पाणी यांबद्दलचे ठराव या दिवसांत तयार करून ठेवले, तर 1 मेच्या ग्रामसभेत ते मांडायला स्वतः ती माणसं हजर असतात.

ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, साधारणपणे 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. कोरम नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणून पहिल्या सभेला माणसं जमली नाहीत की पुढच्या सभेत चार माणसांत गावाचे निर्णय होतात. तुमचं वय 18 पूर्ण असेल, नाव मतदार यादीत असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, तिथे बोलायला कुणाची परवानगी नको. पण विषय अजेंड्यावर यावा यासाठी आधीच लेखी द्या, ऐनवेळचे विषय सहज गुंडाळले जातात. ठराव झाला की इतिवृत्तात तो नेमक्या कोणत्या शब्दांत उतरला ते पाहा. आणि मुलींनो, ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला हवी असा नियम आहे. ती फक्त कागदावर होत असेल तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.

"कोना पोऱ्या शे रे तू?" हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक गावात विचारला जाईल. त्याचा राग मानू नका. नातं, गाव, आडनाव सांगा, बसा, चहा घ्या, अहिराणीत बोला, येत असेल तर लेवा, पावरी, मावचीत बोला. आपण बोलावं आणि गावाने ऐकावं ही सवय शिकलेल्यांना फार लवकर लागते. बैठकीत बाई तिच्या बोलीत जे सांगते तेच निवेदनात यायला हवं. भाषा कार्यालयीन करा, पण मागणी तिचीच ठेवा. राजकीय पक्षाचं काम करायला माझी हरकत नाही, तोही लोकशाहीतला रस्ता आहे. मात्र कोणत्या बैठकीला तुम्ही कोणती टोपी घालून आलात, हे गावाला स्पष्ट दिसलं पाहिजे.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, वाचायला शिकणं हा या कामाचा कणा आहे. नवखी मुलं जीआर वरून खाली वाचतात आणि प्रस्तावनेतच थकतात. मी आधी शेवटची "प्रत" यादी पाहते, कुणाकुणाला पाठवलाय ते. ज्यांची नावं त्यात आहेत, त्यांना हा निर्णय माहीत नाही असं म्हणता येत नाही. मग वरचे "संदर्भ" पाहते, तिथून जुने जीआर सापडतात आणि योजना कुठे वळली ते कळतं. अटी सगळ्यात शेवटी.

माहिती अधिकाराचा अर्ज सोपा आहे. महाराष्ट्रात त्याला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. "का केलं नाही?" असं विचारू नका. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, ठराव, टिपणी यांच्या प्रती मागा. कारण विचारलं तर टोलवता येतं, कागद मागितला तर तो आहे की नाही एवढंच सांगावं लागतं. आणि हे हत्यार कुणाला धमकवायला वापरू नका. तसं करणाऱ्यांमुळे खऱ्या अर्जदारांकडेही संशयाने पाहिलं जातं, मी ते जवळून पाहते आहे.

नंदुरबारच्या, शिरपूर-साक्रीच्या, चोपडा-यावल-रावेरच्या आदिवासी पट्ट्यात काम करणार असाल, तर पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि वनहक्क हे दोन कायदे मुळातून वाचावेच लागतील. 2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि किमान दोन पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, पण तो दावेदाराचा स्वतःचा नसावा. इथे शिकलेल्या तरुणाचं मोल फार आहे. आजोबा पावरीत सांगतात, कोणतं झाड, कोणता नाला, कोणत्या दुष्काळात नांगर धरला, आणि तुम्ही ते मराठीत नीट उतरवता. दावा फेटाळला गेला तर 60 दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. फेटाळल्याचं पत्रच हातात न पडल्यामुळे हे दिवस निघून जातात, म्हणून ते पत्र लेखी मागून घ्या. सामूहिक जंगलाचं काम काय असतं ते पाहायचं असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जा. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, पण जंगल गावाने मिळून राखलंय आणि त्याचे नियमही गावाने केलेत.

प्रश्न गावापुरता नसेल, केळीच्या पीक विम्याचे निकष किंवा वसतिगृहांची संख्या यासारखा असेल, तर विधिमंडळ गाठावं लागतं. आमदारांना नुसतं निवेदन देऊन भागत नाही. तारांकित प्रश्नाचा (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा) मसुदा तयार करून द्या, आकडे आणि जीआर क्रमांकासह, अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी. आमदारांच्या स्वीय सहायकांना असा तयार कागद मिळाला की ते तुमचा फोन उचलू लागतात. शासन एखाद्या नियमाचा मसुदा राजपत्रात देऊन हरकती व सूचना मागवतं, तेव्हाही मुदतीत लिहून पाठवा. आपल्या भागातून अशा सूचना फार थोड्या जातात.

आता पोटापाण्याचं. घरचे विचारणारच, आणि त्यांचं चुकत नाही. संस्थांमधलं सुरुवातीचं मानधन तुटपुंजं असतं, प्रकल्प संपला की कामही संपतं. अमळनेर, चोपडा इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. गडचिरोलीच्या 'सर्च'चा 'निर्माण' उपक्रम तरुणांसाठी 2006 पासून चालू आहे, दिशा सापडत नसेल त्याने तिथे जरूर अर्ज करावा. मुख्यमंत्री फेलोशिपला 21 ते 26 वय, पदवीला 60 टक्के आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. अटी जाहिरातीगणिक बदलू शकतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात मुळातून वाचा. दिल्लीत पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदारांसोबत काम करायला देते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर तो सोडू नका. पंचायत राज, अर्थसंकल्प, कायदे हे सगळं तिथेही लागतं, फक्त आठवड्यातला एक दिवस गावासाठी ठेवा.

इंग्रजीची भीती मात्र लवकर घालवा. राज्याबाहेरचे अहवाल आणि मुलाखती इंग्रजीत असतात, आणि चांगली मुलं केवळ त्यामुळे अर्जच भरत नाहीत, याची मला फार हळहळ वाटते. रोज एक पान इंग्रजी अहवाल वाचून त्याचा सारांश मराठीत लिहायचा, असं आमच्या गटातली मुलं करतात आणि त्यांना त्याचा फायदा झालाय.

आणि पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवा. दिलेलं प्रत्येक निवेदन, त्याची पोच, आलेलं उत्तर, ठरावाची प्रत, तारखेप्रमाणे लावून. आमच्यातली एक मुलगी फेलोशिपच्या मुलाखतीला गेली तेव्हा तिच्याकडे मोठ्या कॉलेजचं नाव नव्हतं. तिने बसच्या प्रश्नाची फाईल टेबलावर ठेवली. मुलाखत घेणाऱ्यांनी पुढचे सगळे प्रश्न त्या फाईलवरच विचारले: ठराव कुणी मांडला, लेखाशीर्ष कुणाकडून कळलं, गाडी बंद पडली तर पुढे काय कराल. तिला सगळ्यांची उत्तरं येत होती. तिची निवड झाली, आणि जाण्याआधी तिने फाईलची झेरॉक्स काढून गावातल्या अकरावीच्या मुलींकडे दिली.