जपानचा रेल्वे पास घेताय? या चुका टाळा

विमानाची तिकिटं झाली की जपानला निघालेले बरेच जण पुढच्या तासाभरात जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांचा ठरावीक दिवसांचा पास, घेऊन मोकळे होतात. दोन-चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, "पास घ्या, डोक्याला ताप नाही." पण तो सल्ला आता शिळा झालाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला आणि सगळं गणितच बदललं.

म्हणून आधी मार्ग कागदावर मांडा आणि सुट्या तिकिटांची बेरीज करा. टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनने साधारण १४,००० येन. क्योतोहून ओसाका साध्या जेआर गाडीने ६०० च्या आत. ओसाकाहून टोकियोला परत यायला १५,००० च्या आतबाहेर. एकूण ३०,००० येनांच्या आसपास. मग ५०,००० कशासाठी मोजायचे? हिरोशिमा जोडलं तर बेरीज कशीबशी पासाच्या बरोबरीला येते. तिथेही टोकियोत उतरून ओसाकाहून मायदेशी परतणारं विमान मिळालं, तर परतीचा बुलेटचा खर्चच वाचतो. मग ओसाका-हिरोशिमा भागापुरता ५ दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास पाहा. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा बुलेट चालते. क्योतो-ओसाका मात्र साध्या गाडीनेच जायचं.

तरीही मोठा पास परवडत असेल, तर तो विमानतळावर उतरल्या दिवसापासून सुरू करू नका. ७ दिवस म्हणजे सलग ७ दिवस, प्रवासाचे निवडक ७ नव्हेत. टोकियोत पहिले तीन दिवस मेट्रोने फिरणार असाल, तर पासाचे ते दिवस पाण्यात, कारण मेट्रोला तो चालत नाही. पास हातात घेतानाच पुढची तारीख सांगता येते. टोकियो सोडायचा दिवस सांगा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नोझोमीपाशी. टोकियो-ओसाका मार्गावरची ही सर्वात वेगवान बुलेट, दर काही मिनिटांनी सुटते, समोर दिसली की चढावंसं वाटतंच. पण नुसत्या पासावर ती चालत नाही. वेगळं तिकीट आधी काढावं लागतं, टोकियो-क्योतोसाठी ४,९६० येन. पासवाल्यांनी हिकारी ही दुसरी बुलेट धरावी. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच.

सुइका या आधी पैसे भरून गेटवर टॅप करायच्या कार्डाचाही असाच घोळ होतो. शहरात ते फार सोयीचं, पण टोकियोत टॅप करून आत गेलात आणि थेट क्योतोला बाहेर पडू म्हणालात तर गेट उघडत नाही. दूरच्या प्रवासाचं तिकीट वेगळं काढायचं. चुकून टॅप झालंच, तर खिडकीवर जाऊन कर्मचाऱ्याला कार्ड दाखवा, ते हिशेब लावून देतात.

आपल्याकडच्या बॅगा हा एक स्वतंत्र विषय आहे! लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर टोकियो-ओसाका-हिरोशिमा बुलेटमध्ये सामानाच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते. राखली नाही तर १,००० येन भरा. खाकरा-चिवड्याने फुगलेली मोठी बॅग थेट पुढच्या हॉटेलवर कुरिअरने पाठवून एका रात्रीपुरती छोटी पिशवी सोबत ठेवणं उत्तम. ही सेवा तिथे सर्रास मिळते, हॉटेलच्या काउंटरवरूनच.

मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक जमल्यास टाळावा. तेव्हा नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात आणि जपानी कुटुंबंही सुट्टीवर निघालेली असतात.

आणि आरक्षित नोझोमी किंवा हिकारी चुकलीच, तर घाबरून लगेच नवं पूर्ण तिकीट काढू नका. नेहमीच्या दराच्या तिकिटावर त्याच दिवशी अनारक्षित डबे असलेल्या पुढच्या गाडीत, त्या डब्यात बसता येतं.